द्या इकडे, मी बघतो

आकाशवाणीवरून फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखं कविसंमेलन असेल. पण पलीकडून सांगण्यात आलं, ‘कवितेवर नको, या वेळी नोकरीवर बोला. आपल्या शेजारी बसणारा सहकारी गिऱ्हाइकाशी वाईट वागत असेल तर आपण काय करायचं, यावर बोला.’ मी हो म्हटलं आणि फोन ठेवून बराच वेळ गप्प बसलो. कारण श्रोतेहो, या विषयावर बोलायचं म्हणजे सहकाऱ्याच्या आधी स्वतःबद्दल बोलावं लागणार होतं.

मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि बँकेत चिकटलो. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमची शाखा. बँकेचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही, कारण असा काउंटर कुठल्याही बँकेत असतो. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. उसाचं बिल काढायला आलेले शेतकरी, शिष्यवृत्तीचं खातं उघडायला आलेल्या पोरी, विड्या वळणाऱ्या बाया, पेन्शनवाले मास्तर आणि निराधार योजनेच्या पैशाची चौकशी करायला आलेल्या म्हाताऱ्या. काचेच्या पलीकडे ही सगळी दुनिया आणि अलीकडे आम्ही सहा-सात माणसं.

त्या सहा-सातांत आमचे एक कॅशियर होते. त्यांना आपण अण्णा म्हणू. माणूस कामाला पक्का. नोटांचं बंडल हातात घेतलं की नुसत्या स्पर्शानं आतली खोटी नोट बाहेर काढायचे. तीस वर्षांत कधी उशिरा आले नाहीत. मी नवीन असताना एकदा माझ्या कॅशमध्ये दोन हजार रुपये कमी आले. कॅश कमी आली तर ती भरून द्यायची ज्याची त्यानं, हा बँकेतला रिवाज. त्या संध्याकाळी अण्णांनी काही न बोलता खिशातून पैसे काढून माझ्या ट्रेमध्ये टाकले आणि पुढं हप्त्याहप्त्यानं परत घेतले. घरी अम्मीलासुद्धा कळू दिलं नाही. हे मुद्दाम सांगतो आहे. गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस बाकी सगळीकडून वाईटच असतो असं नाही. तसा असता तर प्रश्न सोपा होता.

तर हे अण्णा काउंटरवर बसले की बदलायचे. शिवी देत नव्हते. मराठीत माणसाचा अपमान करायला शिवी लागतच नाही, क्रियापदाचं शेपूट बदललं की पुरे. ‘या’ म्हणायच्या ऐवजी ‘ये’. ‘काय काम होतं?’ म्हणायच्या ऐवजी ‘काय पाहिजे?’ इस्त्रीचा शर्ट आला की ‘बसा साहेब’, धोतर आलं की ‘ए बाबा, लाईनीत’. आता गंमत अशी, की खेड्यातली म्हातारी माणसंसुद्धा आम्हाला ‘तू’ म्हणतात. ‘आरं बाळा, बग की रं, पैसं आल्यात का?’ त्यांच्या ‘तू’मध्ये लेकराचं नातं असतं. अण्णांना त्या ‘तू’चा राग यायचा आणि ते स्वतःचं ‘तू’ परत फेकायचे. शब्द तोच, पण त्यातलं नातं काढून घेतलेलं. कवितेच्या नादामुळे असेल, पण एका अक्षरानं माणूस केवढा लहान होतो हे मी रोज ऐकत होतो.

ऐकून काय करत होतो? अण्णांनी कुणाला झापलं की ते गिऱ्हाईक माझ्याकडे वळायचं आणि मी हळूच म्हणायचो, ‘मनावर घेऊ नका, त्यांचा स्वभावच तसा आहे.’ मला वाटायचं, मी मलम लावतो आहे. हे वाक्य मी किती वर्षं बोललो त्याचा हिशेब नाही. आज मला वाटतं, आमच्या शाखेत सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं केलं. कारण ते खोटं होतं. साखर कारखान्याचे संचालक आले तर अण्णा उठून उभे राहायचे. विभागीय कार्यालयातून तपासणीला साहेब आले तर दिवसभर आवाज चढायचा नाही. स्वभाव असता तर तो संचालकांवरही निघाला असता. माणूस बघून जो बाहेर येतो तो स्वभाव नाही. कुणावर ओरडलं तर काही होत नाही, याचा तो अंदाज असतो. आणि तो अंदाज पक्का करण्याचं काम आम्ही शेजारी बसणारे करत होतो.

आमच्या शाखेत भिंतीवर गांधीजींच्या चित्रासह एक पाटी होती. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, अशा अर्थाची. तुम्हीही ती कुठल्या ना कुठल्या कचेरीत पाहिली असेल. ते शब्द गांधीजींचे असल्याचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. पाटी गांधीजींची असो की नसो, अण्णांच्या डोक्यावर बरोबर दीड हात उंचीवर होती आणि आम्ही कुणीच ती वाचत नव्हतो.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगायला मला जड जातं. नोटाबंदीच्या पुष्कळ आधीची. आमच्याच मोहल्ल्यातली एक बाई आली होती, बुरखा घातलेली, विड्या वळणारी. स्लिप कुठं भरायची ते विचारत होती. अर्धं मराठी, अर्धं आमचं दखनी. अण्णा म्हणाले, ‘आधी मराठी शिकून ये.’ आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले, ‘काय कविराज, सांगा की तुमच्या लोकांना.’

मी हसलो.

का हसलो, याची कारणं माझ्याकडे तयार होती. अण्णांचे उपकार होते. शिवाय तिची बाजू घेतली असती तर ‘आपल्या माणसाची बाजू घेतो’ असं म्हटलं गेलं असतं. दुसऱ्या कुणा म्हातारीसाठी बोललो तर मी माणुसकीचा, आणि तिच्यासाठी बोललो तर जातभाईंचा, हा हिशेब मी एका क्षणात केला. त्या संध्याकाळी घरी गेलो तर ती गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. अम्मीनं जेवण वाढलं आणि एवढंच विचारलं, ‘तू वहींच था ना रे?’

मी हो म्हटलं. ती पुढं काही बोलली नाही.

अण्णा असे का वागत होते, हेही बघायला हवं. काउंटरवरचं काम बाहेरून दिसतं त्याहून अवघड असतं. नोटा मोजताना कुणी मध्येच ‘साहेब, पासबुक कुठं भरायचं?’ विचारलं की मोजणी चुकते, परत पहिल्यापासून. संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आणि काम वाढत गेलं. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत देशातली ही खाती पन्नास कोटींच्या वर गेली. ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती ती माणसं आत आली, हे फार चांगलं झालं. पण आमच्या शाखेत तीन काउंटर होते ते तीनच राहिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा तर आम्ही रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसत होतो. अण्णांचा रक्तदाब तेव्हापासूनचा.

आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं. हवाई सेविका आणि थकबाकी वसूल करणारे लोक, असे दोन धंदे त्यांनी पाहिले. एकाला पगारासाठी हसावं लागतं, दुसऱ्याला पगारासाठी दरडावावं लागतं. हेही श्रमच आहेत, पोतं उचलण्यासारखे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण पोतं उचलून दमलेला हमाल ते पोतं समोरच्याच्या पायावर टाकत नाही, हेही आहेच.

नोव्हेंबर २०१७. वाडीवरून एक म्हातारी निराधारच्या पैशांसाठी आली होती. त्या वेळी महिन्याला सहाशे रुपये मिळायचे आणि ते वरून कधी जमा होतील याचा नेम नसायचा. ती तिसऱ्यांदा आली होती. एसटीचं हाफ तिकीट असलं तरी तीन हेलपाट्यांचं भाडं त्या सहाशेतूनच जायचं. अण्णा ओरडले, ‘ए म्हातारे, किती वेळा सांगायचं, पैसे आलेले नाहीत!’ आणि पासबुक खिडकीतून फेकलं. ते फरशीवर पडलं. म्हातारी वाकली, पासबुक उचललं, पुस्तकाला पाय लागल्यावर आपण करतो तसं ते कपाळाला लावलं आणि पिशवीत ठेवलं.

त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं सूचना काढली होती, की सत्तरीच्या वरच्या लोकांना शाखेत प्राधान्य द्यावं, त्यांना तिष्ठत ठेवू नये. ते परिपत्रक आमच्या फायलीत लागलं असेल.

मी जागेवरून उठलो आणि म्हणालो, ‘आजी, द्या इकडे, मी बघतो.’ एवढंच. अण्णांना काही बोललो नाही. पूर्वी एकदा भर शाखेत त्यांना बोलायचा प्रयत्न केला होता. त्याचा परिणाम असा झाला, की समोरच्या गिऱ्हाइकाला दुप्पट ऐकावं लागलं आणि त्याचं कामही झालं नाही. चारचौघांत मान खाली घालावी लागलेला माणूस तो हिशेब गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. म्हणून आधी काम. म्हातारीला बसवलं, पाणी दिलं, पासबुक छापून दिलं, आणि मागच्या पानावर शाखेचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला. म्हटलं, ‘यायच्या आधी शेजारच्या पोराला फोन लावायला सांगा, मी सांगतो पैसे आले की नाही.’ चार मिनिटांचं काम होतं.

संध्याकाळी अण्णांबरोबर चहाला गेलो. इथं एक गोष्ट मी अनुभवानं शिकलो. ‘तुम्ही लोकांशी फार वाईट वागता’ असं म्हटलं की समोरचा लगेच आपल्या तीस वर्षांच्या नोकरीचा पाढा वाचतो. म्हणून घडलेलं तेवढंच बोलायचं. मी म्हणालो, ‘अण्णा, साडेबाराला तुम्ही पासबुक फेकलंत. तिनं ते कपाळाला लावलं. तुम्ही पाहिलं नाहीत, मी पाहिलं.’ अण्णांचा चेहरा उतरला आणि लगेच भडकला. ‘तुम्हाला कविता करायला ठीक आहे. बाजारच्या दिवशी कॅशला बसून दाखवा.’

मी मॅनेजरसाहेबांना सांगून आठवडाभर कॅश मागून घेतली. बाजारच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मी एका कॉलेजच्या पोरावर ओरडलो होतो आणि संध्याकाळी पाचशे रुपये कमी आले. अण्णांनी हसून खिशात हात घातला, मी नको म्हटलं. पण त्या आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. खिडकीवर येणाऱ्यांतले निम्मे लोक पैसे घ्यायला येतच नव्हते, ते पैसे आले का विचारायला येत होते. आणखी पुष्कळांच्या स्लिपा अर्धवट भरलेल्या. म्हणजे जे काम रांगेच्या तोंडाशी व्हायला हवं होतं ते रांगेच्या शेवटी, मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यावर येऊन आदळत होतं.

मग दारातच फळा लावला. रोज सकाळी खडूनं लिहायचं: निराधारचे पैसे अमुक महिन्यापर्यंतचे आले, शिष्यवृत्ती आली नाही, पीकविमा आला नाही. वाचता न येणाऱ्यांना आमचा शिपाई वाचून दाखवायचा; त्याला हे काम इतकं आवडलं की तो बातम्या दिल्यासारखा वाचायचा. रांगेतल्या स्लिपा मी आधी तपासून द्यायला लागलो. कॅशची खिडकी खूप शांत झाली. अण्णाही शांत झाले. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींच्या पैशांसाठी झुंबड उडाली तेव्हा अण्णा नव्हते, पण तोच फळा कामाला आला.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण गर्दी कमी झाल्यावर कळलं, की काही ओरडणं गर्दीमुळे नव्हतंच. मोकळ्या दुपारी, एकच माणूस समोर, आणि तोही अंगठेबहाद्दर, म्हटल्यावर अण्णांची जीभ पुन्हा सुटली. कामाचा ताण काढला की खाली काय उरतं ते दिसतं. उरली होती ती सवय, आणि थोडी सत्ता. माणसाला समोरच्याला थांबवून ठेवण्यात सुख वाटतं, हे आपण कबूल करत नाही.

मी आणखी दोनदा बोललो, दोन्ही वेळा एकट्यात. तिसऱ्या वेळी सांगितलं, ‘अण्णा, आता मी साहेबांकडे जाणार. तुमच्या पाठीमागं जात नाही, सांगून जातो.’ आपल्याकडे याला चुगली म्हणतात. मला वाटतं, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी सांगितलेलं असेल आणि आपण स्वतःच्या बढतीसाठी जात नसू, तर ती चुगली होत नाही. सांगायला सोपं आहे. त्या दिवशी केबिनच्या दारापर्यंत जाऊन मी एकदा परत फिरलो होतो.

साहेब म्हणाले, ‘सांभाळून घ्या हो, दोन वर्षांत रिटायर होतील.’ मी विचारलं, ‘तक्रारवही कुठं आहे?’ ती त्यांच्या कपाटात कुलपात होती. बँकेत तक्रारवही ठेवावी, तिची पानं अशी असावीत की तक्रारदाराला लगेच सहीची प्रत फाडून मिळेल, आणि एक प्रत वरच्या कार्यालयात जाईल, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गिऱ्हाइकांना हा नियम माहीत नसतो आणि आम्ही सांगत नाही. मी ती वही बाहेर टेबलावर ठेवायला लावली. पंधरा दिवसांनी एका निवृत्त शिक्षकांनी तिच्यात अण्णांबद्दल अकरा ओळी लिहिल्या. वरून पत्र आलं. अण्णांना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यानंतर ते कुणाला ‘ए’ म्हणाले नाहीत. माझ्याशीही आठ महिने काही बोलले नाहीत.

ज्यांचं काम बँकेतूनच होत नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथं पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १९९५ पासून ही सोय आहे, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये निरनिराळ्या योजना एकत्र करून ती सोपी केली गेली.

दुकानात, दवाखान्यात, खासगी कचेरीत काम करणारे म्हणतील, तुमची नोकरी पक्की होती, म्हणून बोललात. खरं आहे. मालकाचाच मेहुणा काउंटरवर बसलेला असेल तर पोराबाळांच्या माणसानं काय करायचं? त्याला मी केबिनमध्ये जा म्हणणार नाही. पण ‘द्या इकडे, मी बघतो’ एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. निदान ‘त्यांचा स्वभावच तसा आहे’ हे वाक्य तरी बोलू नका.

अण्णा २०१९ मध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळ्यांच्या हातांत हात देत आले, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, ‘ते दोन हजार तुम्ही पूर्ण फेडले होते ना?’ मी म्हटलं, ‘हो, अण्णा.’ ‘मग ठीक,’ म्हणाले. आता दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला येतात, तेव्हा आम्ही चहा घेतो. पासबुकाबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

ती वाडीवरची म्हातारी फोन करून यायची. दोन वर्षं आली, मग फोन थांबला.

आणि मोहल्ल्यातली ती बाई. तिच्या घरावरून मी रोज मशिदीला जातो. तिनं आमच्या शाखेतलं खातं बंद करून पोस्टात उघडलं, हे अम्मीनं मला खूप उशिरा सांगितलं. मध्यंतरी तिच्या मुलीच्या लग्नात भेट झाली. तिनं माझ्या पानात स्वतः बिर्याणी वाढली, ‘भाईजान, और लो’ म्हणाली. मला त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. मी पान पुढं केलं आणि ‘बस, बस’ एवढंच म्हणालो.